कादंबरीतला पंप

मी साहित्यात एम.ए. आहे, आणि तेही पहिल्या वर्गात. मी मुद्दाम सांगत नाही, सहज बोलण्यात येतं! रविवारच्या पुरवणीसाठी नव्या पुस्तकांची परीक्षणं लिहिते. नोकरी नाही, घरबसल्या मिळेल ते काम. पण एक गोष्ट छातीठोकपणे सांगते, मला कळलं नाही असं पुस्तक अजून छापलं गेलेलं नाही!

त्या आठवड्यात एक कादंबरी आली. लेखिकेचं पहिलंच पुस्तक. गोष्ट एका विधुर घड्याळजीची. मुलगी भांडून घर सोडून गेलेली आणि हा दुकानात बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करतोय. बरं चाललं होतं. एका पानाच्या शेवटी तो खिडकीशी जातो, पडदा सारतो आणि हळूच म्हणतो,

मी पान उलटलं. "मोटार चालू करण्यापूर्वी पंपात पाणी भरून हवा बाहेर काढावी."

मी ताडकन उठून बसले. पुढे पानंच्या पानं पंप! झडप, वॉशर, गळती, सगळं आकृत्यांसकट! आणि मग पुन्हा घड्याळजी, जणू काही घडलंच नाही अशा थाटात भांडी घासतोय.

दुसरं कोणी गोंधळलं असतं. माझ्या मात्र अंगावर काटा आला. बोलता न येणाऱ्या माणसाचं तुंबलेलं दुःख ते!

सासूबाईंनी पुस्तक चाळलं. "अगं, ही पानं चुकून तर आली नाहीत?"

"आई, हा प्रयोग आहे. मुद्दाम सलगपणा मोडलाय."

त्या जरा विचारात पडल्या. "म्हणजे पंप हे त्याचं काळीज?"

"अगदी!"

"आणि वॉशर म्हणजे मुलगी. ती नाही, म्हणून गळती!"

इतकं मलाही सुचलं नव्हतं. मी ते तसंच्या तसं परीक्षणात घातलं.

परीक्षण छापून आलं. अख्खं पंपावर! उरलेल्या कादंबरीला शेवटी एक ओळ दिली होती, 'बाकीचा भाग ठीक.'

सासूबाईंनी सकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींना पंप असा काही समजावला, की एकीला हुंदका आवरेना. सगळ्यांनी पुस्तक विकत घेतलं. एकीच्याही प्रतीत पंप नाही! झालं! कोणीतरी पानं दडपली, अशी कुजबुज सुरू झाली आणि सासूबाईंच्या मागोमाग सगळ्या जणी पुस्तकांच्या दुकानात जाऊन थडकल्या.

"आम्हाला पंप हवाय!"

"बाई, हार्डवेअरचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे," दुकानदार म्हणाला.

"तो नव्हे! कादंबरीतला!"

दुकानदाराने प्रकाशकाला फोन केला, प्रकाशकाने संपादकांना, संपादकांनी मला.

"बाई, कुठला पंप?"

"मधलाच की, सर. कादंबरीचा प्राण आहे तो!"

"कादंबरीत पंप नाहीये!"

त्याच छापखान्यात एका पंपाची माहितीपुस्तिका छापली जात होती. बांधणी करताना सोळा पानांचा एक फर्मा इकडचा तिकडे गेला होता. आणि ती प्रत नेमकी माझ्या वाट्याला आली होती.

मी फोन ठेवते न ठेवते तोच बेल वाजली. दारात लेखिका! हातात कादंबरीची धड प्रत. मी दोन पावलं मागे सरकले. सासूबाई मात्र पुढे सरसावल्या, "या, या! तुमचा वॉशर काळजाला भिडला हो!" मी डोळ्यांनी खुणावत होते, उपयोग शून्य.

लेखिकेने माझी प्रत मागून घेतली आणि सगळा पंप शांतपणे वाचला. त्या भांडतील, रडतील, याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीचा भाग ठीक, असं लिहिलंयत. म्हणजे वाचलात ना?"

"पंपानंतरचा जरा... भराभर उलटला."

"रोज शाळेत शिकवून आल्यावर थोडं थोडं लिहायचे हो मी." धड प्रत टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

मी तोंड पाडून ती उघडली. खिडकीशी जाऊन घड्याळजी हळूच म्हणतो, "अजून तिथेच उभी आहे!" रस्त्यापलीकडे मुलगी. त्या हरवलेल्या पानांत बापलेक नुसते एकमेकांकडे बघत राहतात आणि शेवटी तिचा हात बेलवर जातो. मी रडले. माझ्या खांद्यावरून वाचता वाचता सासूबाईही रडल्या. या वेळी पंपाशिवाय.

मी नवं परीक्षण लिहिलं. गयावया केल्यावर संपादकांनी छापलं, पण खाली चौकट टाकलीच, 'आधीच्या परीक्षणातील पंप छापखान्यातील गफलतीमुळे आला होता. वाचकांनी तो वगळून वाचावा.' लेखिकेचा निरोप आला, "वाचलंत, बरं वाटलं." माझा जीव भांड्यात पडला.

मग एक अनोळखी फोन आला. "पेपरातून नंबर मिळाला. पंपवाल्या बाई तुम्हीच ना?"

"...हो."

"मी पंप घेतलाय. त्याच्या माहितीपुस्तिकेत मधेच ते घड्याळजी निघाले!"

"अरेरे! मग पंप चालू झाला का?"

"तो राहू द्या हो! पोरीचा हात बेलवर आहे आणि पान संपलं! बापाने दार उघडलं का?"

आवाजात इतकी कळकळ होती, की मी त्यांना पुढची सगळी गोष्ट सांगितली, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. "वा!" म्हणून त्यांनी समाधानाने फोन ठेवला.

परीक्षकाने शेवट सांगायचा नसतो, हे मला तेव्हा आठवलं. लेखिकेची एक प्रत हमखास खपणार होती, तीही मी घालवली!