बनुबाईच्या उसातली वाघीण

मोजमापाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सावेडीत सापडायचा नाही. ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे! तीस वर्षं सरकारी कचेरीत बसून मी कालव्यांचे नकाशे काढले. रिटायर झाल्यावर लोक गुडघ्यांना तेल लावतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मी वाघिणी करायला घेतल्या.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आत्ताच नीट ध्यानात घ्या. कारण हे माहीत नसल्यामुळे एका वस्तीनं माझ्या दहाव्याची तयारी केली होती!

तर मी करतो त्या वाघिणी जुन्या, रुळांवरून कधीच नाहीशा झालेल्या. कोळशाच्या, गुरांच्या, तेलाच्या टाकीच्या. सगळ्या एकास बत्तीस प्रमाणात. खरा डबा बत्तीस फुटी असेल, तर माझा बरोबर एक फुटाचा. आणि खऱ्या डब्याला एकशे चौऱ्याऐंशी रिव्हेट असतील, तर माझ्याही डब्याला एकशे चौऱ्याऐंशी! पितळी पत्र्यावर मागून सुईनं एकेक उठवायचा. एकशे त्र्याऐंशीव्याला हात हलला की पत्रा फेकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमची सत्यशीला म्हणते, "एवढे टाके घातले असतेत तर घरातल्या सगळ्या उशांना अभ्रे झाले असते."

आता सासऱ्यांची ओळख करून देतो. भिमाजीमामा, वय ब्याऐंशी, राहात्याजवळ शेतातल्या वस्तीवर मुलाकडं राहतात. तरुणपणी ते साखर कारखान्याच्या छोट्या रेल्वेवर ब्रेक सांभाळायचे. शेतांमधून फिरून ऊस कारखान्यात आणणारी ती गाडी. पुढं ट्रॅक्टर आले, रूळ उखडले, गाडी गेली. मामा शेतीला लागले, पण मन काही शेतीत रमलं नाही. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांनी बोलणंच टाकलं. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नकार. दिवसभर ओट्यावर बसून राहायचे.

जावई म्हणून मी त्यांना कधीच पसंत नव्हतो. "पाव्हनं काय करत्यात?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "चित्रं काढत्यात." हे असं म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं जावई जुगार खेळतो!

पण गेल्या दिवाळीत मी त्यांना त्या उसाच्या वाघिणींबद्दल सहज विचारलं आणि मामा तब्बल पाच मिनिटं बोलले! सत्यशीला पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. मी तिथंच ठरवलं, मामांना त्यांची वाघीण करून द्यायची. पण करायची कशी? नकाशा नाही, फोटो नाही. आणि अंदाजानं काम करणं माझ्या रक्तात नाही!

जानेवारीत मेहुण्याचा, अंगदचा, फोन आला. "दाजी, आमच्या पलीकडं बनुबाईच्या उसात तसला एक डबा हाय म्हनं. लिलावात घेतल्याला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही नवरा-बायको बसनं राहात्याला उतरलो. सत्यशीला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी बाजार करून येते." मी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन वस्तीवर पोचलो. मामांना काही सांगितलं नाही. अंगद कुठंतरी पाण्याची मोटार चालू करायला गेला होता. घरात त्याची बायको राजेश्वरीवहिनी. तिला "येतो जरा" म्हणून मी तडक बनुबाईंचं शेत गाठलं.

बनुबाई सत्तरीच्या, पण आवाज लाऊडस्पीकरचा.

"व्हय, हाय की त्ये डबडं. हिरीच्या अंगाला. आदी कोंबड्या ठिवायचो त्यात. आता कोन जातंय तिकडं, बिबट्या फिरतोय!"

"बिबट्या?" माझ्या हातातला टेप आपोआप गुंडाळला गेला.

"गेल्या म्हयन्यात बोकड नेला की. पर दिसाउजेडी न्हाई येत शक्यतो."

ते 'शक्यतो' मला अजिबात आवडलं नाही. पण पन्नास पावलांवर वाघीण उभी असताना परत फिरायचं? मी देवाचं नाव घेतलं आणि उसात शिरलो.

आणि ती दिसली! चाकं नव्हती, नुसता डबा दगडांवर टेकवलेला. गंज चढलेला, वर कोंबड्यांचं जुनं काहीबाही. पण रिव्हेट जिथल्या तिथं! लग्नात मी सत्यशीलाकडंसुद्धा इतक्या प्रेमानं पाहिलं नसेल. (हे वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही.)

मी सरपटत खाली घुसलो आणि मापं घ्यायला लागलो. गंजाखाली डब्यावरचे आकडे दिसेनात, म्हणून तारेचा ब्रश मागवायला अंगदला फोन लावला. त्याचा फोन घरीच राहिला होता. उचलला राजेश्वरीवहिनीनं. आता वहिनीचं माहेर मिरजगावचं. तिकडं हायवे आहे, रेल्वे नाही. वाघीण या शब्दाचा तिला माहीत असलेला अर्थ एकच, आणि त्याला शेपूट असतं!

"वहिनी, सापडली! वाघीण सापडली!" मी ओरडलो. रेंज कमी असली की आपण ओरडतोच.

"काय सापडली?"

"वाघीण! बनुबाईंच्या उसात!"

"आगं बया! दाजी, तुमी कुठं हाय?"

"मी तिच्या पोटाखाली आहे!"

पलीकडून बारीक आवाज आला, "पोटाखाली?"

"हो, आडवा पडलोय. म्हातारी आहे, पण तोंड अजून शाबूत आहे! अंगदला लगेच पाठवा!"

"दाजी, तुमी हलू नका! आजाबात हलू नका!"

"हलू नका काय? मला अजून आत शिरायचंय!"

एवढं बोललो आणि फोनची बॅटरी संपली.

मी निवांत वाघिणीच्या आत शिरलो आणि रिव्हेट मोजायला लागलो. तिकडं वस्तीवर काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. वहिनी किंचाळत अंगणात आली तेव्हा मी वाघिणीच्या 'पोटाखाली' होतो. पिठाच्या गिरणीपर्यंत मी 'पोटाशी' होतो. दूध डेअरीवर बातमी पोचली तेव्हा मी 'पोटात' होतो! कुणीतरी फॉरेस्टला फोन लावला. कुणीतरी सत्यशीलाला लावला. ज्या अंगदनं डब्याची बातमी दिली, त्याला या घाबरगुंडीत डबा आठवलाच नाही; आणि बनुबाईंच्या लेखी तर ते नुसतं डबडं!

"आक्का, धीर धरा. दाजींना वाघिणीनं धरलंय!"

बाजारात मेथीच्या जुड्या निवडता निवडता सत्यशीला शांतपणे म्हणाली, "ती तर दोन वर्षं झाली धरून बसलीय. जेवायला सोडेल." आणि तिनं फोन ठेवला.

झालं! "धक्क्यानं डोस्कं फिरलं बिचारीचं," असं म्हणून सगळ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

इकडं माझे सत्त्याण्णव रिव्हेट मोजून झाले होते. अठ्ठ्याण्णवाव्यावर बोट ठेवलं आणि बाहेर एकदम डबे, ताटं, फटाके, शिट्ट्या! "हाऽऽ हाऽऽ हुर्र!" शंभरेक माणसांचा गलका. बिबट्याला हाकलताहेत! म्हणजे बिबट्या उसातच आहे! म्हणजे माझ्याजवळ आहे!

पळून जावं म्हणून मी एक पाय बाहेर टाकला. पाचट वाजलं. "आली! आली! मारा!" आणि ढेकळांचा पाऊस सुरू झाला. एक तर माझ्या कानाजवळून गेलं. मी पाय आत घेतला.

"दाजी!" अंगदचा रडवेला आवाज. "कुठं हाय तुमी?"

"आत आहे!"

"कशाच्या आत?"

"वाघिणीच्या!"

बाहेर बायांनी गळा काढला. कुणीतरी म्हणालं, "आतून बोलतोय गड्या! आख्खा गिळलाय, चावला न्हाई!"

"दाजी, जीव घाबरा हुतोय का?"

"थोडी कोंबड्यांची घाण आहे, बाकी ऐसपैस आहे!" मी ओरडलो. "पण बिबट्या कुठंय?"

"बिबट्या न्हाई, वाघीण हाय!"

"वाघीण आहे हे मला माहीत आहे! मी बिबट्याचं विचारतोय!"

एवढ्यात फॉरेस्टची पिंजऱ्याची गाडी आली. गार्ड समजावत होता, "अहो, आपल्या भागात वाघ नाहीत. बिबट्याच असणार."

"साहेब, शिकलेला मानूस हाय त्यो. पोटाखाली पडून बघितलंय त्यानं!"

मग एक अतिहुशार आवाज आला. "ऊस पेटवा! धुरानं भायेर येती का न्हाई बघा!"

भोवती सगळं वाळलेलं पाचट. पण बनुबाईंचा लाऊडस्पीकर सुरू झाला. "पेटवा म्हनं! वरीसभर पानी मी दिलंय. पाव्हना तर गेलाच हाय, वर माजा ऊस कशाला घालवताय?"

"बनुबाई बरोबर बोलतायत!" मी आतून जीव तोडून ओरडलो. "पेटवू नका!"

"बगा, त्यो सवता न्हाई म्हनतोय!"

बाहेर वाद पेटला आणि त्या गडबडीत मला डाव्या बाजूला पानांची सळसळ ऐकू आली. अगदी जवळ. हळूहळू, थांबत थांबत येणारी. मी कोपऱ्यात अंग चोरलं. ऊस बाजूला झाला आणि एक धोतर दिसलं.

भिमाजीमामा! अनवाणी, हातात कोयता, पानांनी गालावर ओरखडे उठलेले. ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ते मागच्या बांधानं, आवाजाच्या रोखानं, चाचपडत आत आले होते. शंभर माणसं बांधावर उभी, आणि आत आला तो ज्याला हाताची बोटं दिसत नाहीत तो!

"वैजनाथ! पोरा, कुठं हायेस तू?"

तीस वर्षांत मामांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. मी "मामा" म्हणायच्या आत त्यांना समोर काळी आकृती जाणवली असावी. त्यांनी दोन्ही हातांनी कोयता उचलला आणि वाघिणीच्या कपाळात घातला.

ठण्ण!

मामांनी कोयता खाली टाकला आणि पुढं होऊन पत्र्यावर हात ठेवला. हात सरकत सरकत कोपऱ्यावर गेला, तिथून खाली, आणि न शोधता बरोबर ब्रेकच्या दांड्यावर जाऊन थांबला.

"आरं," मामा हळूच म्हणाले, "ही तर बारा नंबर!"

"मामा, मीच आहे. आत."

"हिचा ब्रेक अर्ध्यात आडकायचा. लाथ घालावी लागायची." आणि त्यांनी खरोखरच लाथ घातली. दांडा करकरला आणि चार बोटं खाली आला. मामा हसले. सासूबाई गेल्यापासून मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मग ते माझ्याशेजारी दारात बसले आणि बोलतच राहिले. अवकाळी पावसात रुळांवर चाकं कशी घसरायची, पोरंसोरं ऊस कशी ओढायची, सासूबाई भाकरी घेऊन कुठल्या वळणावर उभ्या असायच्या. मी वही मिटून ठेवली. बिबट्याची भीती कुठल्या कुठं गेली.

बांधावर मात्र अर्थ वेगळा लागला होता. "ठण्ण झालं आन् गप! आता म्हातारा बी गेला!" राजेश्वरीवहिनीला घेरी आली म्हणून तिला पाणी पाजत होते, तेव्हा कोयता उचलून आम्ही सासरा-जावई हातात हात घालून उसातून बाहेर आलो.

गार्डनं विचारलं, "प्राणी आत आहे का?"

"प्राणी नाही," मी म्हणालो. "मालगाडीचा डबा आहे. त्याला वाघीण म्हणतात."

पाचएक माणसं हसली. बाकीच्यांनी हातातली ढेकळं तशीच धरून ठेवली होती आणि त्यांची नजर मला काही बरी वाटली नाही. गार्डनं कागद पुढं केला. "गाडी आणली की कारण लिहावं लागतं. काय लिहू?" शेवटी त्यानं लिहिलं, 'वाघीण आढळली. लोखंडी. हालचाल नाही.'

राजेश्वरीवहिनी रडत रडत म्हणाली, "दाजी, डबा म्हनला असता तर तोंड दुखलं असतं का?" मी हात जोडले. चूक माझीच होती. रिक्षातून पिशव्या घेऊन उतरलेल्या सत्यशीलानं आधी वडिलांच्या गालावरचे ओरखडे पाहिले. त्यांचं धोतर झटकलं, कोयता काढून घेतला आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मापं झाली का सगळी? की उद्या परत?"

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मामा बरोबर आले, आणि मोजलेल्या रिव्हेटवर चुन्याचा ठिपका द्यायला शंभरातले वीसजणही!

मार्चमध्ये वाघीण तयार झाली आणि ती घेऊन आम्ही वस्तीवर मुक्कामाला गेलो. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम! वर ठेवायला काचेची पेटीही केली होती, धूळ बसू नये म्हणून. मामांनी पेटी बाजूला सारली, वाघीण मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिच्यावरून बोटं फिरवत राहिले. "बारा नंबर," एवढंच म्हणाले. मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर ओट्यावर मामा ऊस सोलत बसलेले! बोटाएवढे तुकडे, पाचटाच्या दोरीनं बांधलेल्या चिमुकल्या मोळ्या, आणि माझी वाघीण काठोकाठ भरलेली. तीन हात दिलेल्या रंगावरून रस ओघळतोय. खालून मुंग्यांची रांग लागलीय.

"मामा! अहो, रंग!"

"रिकामी गाडी उभी ठिवली का सायेब बोलायचा," मामा म्हणाले आणि कोयता माझ्या हातात दिला. "बस. काप तू बी."

मी बसलो. काय करणार? मन लावून दहा-बारा तुकडे कापले. मामांनी एकेक बोटांनी चाचपला, त्यातले चार बाजूला टाकले आणि मान हलवली.

"वैजनाथ, लहानमोठं झालं रं सगळं. जरा मापात काप की!"