शिरोडकर काकांची घळ

आमच्या बिल्डिंगीत दुपारी बाराच्या सुमाराला घरगल्लीत काही टाकायचं असेल, तर आधी खिडकीतून ओरडून विचारावं लागतं, "काका, आहात का?" कारण त्या वेळी दोन इमारतींमधल्या त्या फटीत, ड्रेनेजचे पाइप आणि मांजरं यांच्या सोबतीने, शिरोडकर काका तिपाईवर कॅमेरा लावून उभे असतात. डोक्यावर छत्री. उन्हासाठी नाही, वरून चहाचा चोथा पडतो म्हणून.

"टाकू नका रे! घळीत माणूस आहे!" ते खालून ओरडतात.

गल्ली म्हटलेलं त्यांना चालत नाही. ती घळ. अमेरिकेतल्या एका वाळवंटात खडकाला उभ्या चिरा पडल्यासारख्या अरुंद घळी आहेत, माणूस तिरका होऊन जेमतेम शिरेल एवढ्या. वरून उजेड झिरपतो आणि तांबड्या भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात. काकांना हिवाळ्यात तिथे जाऊन फोटो काढायचे आहेत. चारकोपमध्ये तशी जागा एकच, आमची घरगल्ली. म्हणून सराव तिथे.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे इंग्रजीत काही वाचायचं असलं की अख्खी बिल्डिंग माझ्याकडे येते. काका तर मला नावाने हाकच मारत नाहीत. "काय कॉलेज, आज काय म्हणतंय वाळवंट?" असं दारातूनच विचारतात. मग मी अडखळत वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात.

काका इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी जुना कॅमेरा घेतला. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते लोकरी हातमोजे घालून वावरायला लागले. "तिकडे थंडीनं बोटं आखडतात. मोज्यातून बटण सापडलं पाहिजे." मोजे घालूनच ते कोथिंबीर निवडत. रात्रीचा भात सोडला. का, तर "पोट मध्येच अडकलं तर? मागून येणाऱ्यांचा खोळंबा."

तळमजल्यावरचा मनीष त्यांना रोज छेडायचा. "काका, गल्लीचा व्हिसा झाला का?"

"माझा झाला. तुझाच फोटो बघून परत पाठवला त्यांनी."

पण जिन्यात लोक वेगळं बोलायचे. शिरोडकर काकूंना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंय, नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसतं, आणि तेही आक्रसत चाललंय. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दोन-तीनदा रस्त्यात धडपडल्यापासून काकूंनी घराबाहेर पडणंच सोडलं. "बायकोची ही अवस्था, आणि ह्याला अमेरिका सुचतेय," असं बायका हळू आवाजात म्हणायच्या. मी एकदा काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांना जाऊ दे गं. मी कुठे जाऊ तडमडायला? मला काय दिसणार आहे?"

आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. मी जे वाचलं त्यात सगळे सांगत होते की घळीत उन्हाचा झोत सरळ तळापर्यंत उतरतो तो उन्हाळ्यात. हिवाळ्यात झोत नसतो, नुसता भिंतीवरून भिंतीवर पसरलेला उजेड असतो. मी काकांना भीतभीतच सांगितलं, "काका, चांगले फोटो हवे असतील तर उन्हाळ्यात जायला पाहिजे."

"हिवाळाच."

"पण झोत..."

"झोत घालू दे चुलीत. कॉलेज, तू हिवाळ्याचं वाच." एरवी हसरा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. मी हिवाळ्याचं वाचलं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते आमच्याकडे धुपाटणं मागायला आले. धुरात उजेड दिसतो, तो भिंतीवरून भिंतीवर कसा जातो ते त्यांना बघायचं होतं. आईने निखारे आणि धूप घालून दिलं, ते धरून मी त्यांच्या मागे गल्लीत उभी राहिले. धूर वर चढला आणि खिडक्या उघडल्या. मनीष आणि त्याचे मित्र धावत आले. आणि पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या तुळसुलकर आजी, हातात नारळ घेऊन.

कोकणात जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षातून एकदा नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात, म्हणजे मोठ्याने मागणं मागतात. गल्लीतला धूप बघून आजींना वाटलं, तेच चाललंय.

"माका सांगूक नको?" त्या काकांवर डाफरल्या. "गाऱ्हाणा कोण घालतलो?"

"आजी, फोटोचं आहे हे."

"फोटोचा तर फोटोचा. धूप पेटवलंस ना? आता देवाक रिकामो परत धाडू नुको. गावाक पुरुष घालतत, हय कोण हा? मीच घालतंय. सांग, मागणा काय तुझा?"

मनीष आणि त्याचे मित्र हसत होते. काकांनी हातातले मोजे काढून खिशात कोंबले.

"हिवाळ्यात तिथे जायचंय," ते म्हणाले.

"एकटो?"

"जोडीनं. पण ती नाय म्हणते."

"कित्याक?"

"म्हणते, आजूबाजूचं काय दिसत नाय, फुकट कशाला येऊ." काका भिंतीकडे बघत बोलत होते. "तर तिथे आजूबाजूला काय नाहीच आहे, आजी. दोन्ही हातांना भिंत लागते. धडपडायची भीती नाय. समोर एक फट आणि वरून उजेड, बस. तिला जेवढं दिसतं, तेवढंच तिथे सगळ्यांना दिसतं. आणि हिवाळ्यात उजेड मऊ असतो. कडक ऊन तिच्या डोळ्यांना टोचतं. पुढच्या वर्षी किती दिसेल कोण जाणे, म्हणून यंदाच."

आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा! ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाशी उभो हा. ह्येच्या बायलेक जितक्या दिसता, तितक्या दोघांक मिळान बघूक दी. तिच्या मनातला भ्या काढून टाक रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. कोकणातल्या कुठल्याही घरातल्या पोराला ते ठाऊक असतं. पण सगळे काकांकडेच बघत होते. मी म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"होय म्हाराजा."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. काकू गज धरून उभ्या होत्या. त्या खाली बघत होत्या, पण नजर पाइपावर होती, मग माझ्यावर आली, मग पुन्हा भिंतीवर गेली. काका कुठे उभे आहेत ते त्यांना सापडत नव्हतं.

काका एक पाऊल डावीकडे सरकले. मग आणखी एक. काकूंची नजर त्यांच्यावर स्थिरावली, तेव्हा थांबले.