महत्त्वाचे तेवढेच ठेवावे

साहेब, लोकांची गाऱ्हाणी छाटायचा हुकूम तुम्हीच काढलात. आता मशीनकडं बोट दाखवू नका.

मुखेडकडच्या एका कचेरीत अर्जांना उत्तरं द्यायला एआयचं मशीन बसलं. लांब मजकूर दिला की मशीनचा खर्च वाढतो, म्हणून वरून परिपत्रक आलं : 'मजकूर संक्षिप्त करावा. महत्त्वाची माहिती वगळू नये.' महत्त्वाचं काय, यावर समिती बसली. भजी संपली तेव्हा एकमत झालं : साहेबांचं पदनाम आणि प्रणाम यांना कात्री लागणार नाही, बाकीचं ठरलेल्या शब्दमर्यादेत बसेपर्यंत शेवटाकडून छाटावं.

छाटायला मन्मथ कारकून. त्याला पक्कं ठाऊक, आपल्याकडं माणूस अर्जात आधी साहेबांचे गुण गातो, मग गाव, बाप, आजा सांगतो, आणि दुखणं सगळ्यात शेवटी, लाजत लाजत.

अंगणवाडीच्या मदतनीस शिवगंगाबाईंनीही तसंच लिहिलं. शेवटची ओळ : 'पाण्याची टाकी अंगणवाडीवर कलली आहे, लेकरं खालीच बसतात.' मन्मथनं ती वाचली, चुकचुकला, आणि नियमानं छाटली. उरलं ते एवढं : 'साहेबांना सादर प्रणाम. आपल्या कृपेने गावात टाकी झाली.'

मशीननं कळवलं : 'आभार पोहोचले. प्रकरण बंद.'

"मन्मथअप्पा, म्या आभार कवा मानले? टाकी कलून राहिली!"

"अक्का, दुखणं वरी लिवायचं की."

"आन् नमस्कार खाली गेला की तुमीच अर्ज फेकता!"

तरी नव्या अर्जात तिनं टाकीची ओळ वर घेतली. पण नियमाप्रमाणं पदनाम तिच्याही वर चढवावं लागलं. तेवढ्यात साहेबांकडं आणखी दोन खात्यांचा कारभार आला, पदनाम वाढलं, आणि मर्यादा तिथंच संपली. मशीननं साहेबांचं अभिनंदन केलं. प्रकरण बंद.

शेवटी शिवगंगानं लेकरं लिंबाखाली बसवली. लगेच नोटीस आली, 'विनापरवानगी स्थलांतर'. चार पानं. एक अक्षर छाटलेलं नाही.

मन्मथ लातूरला संक्षेपाचं बक्षीस घ्यायला निघाला होता. तिनं दारातच गाठलं.

"अप्पा, माझा अर्ज मशीननं न्हाई वाचला, मान्य. पर छाटायच्या आधी तुमी तर पुरा वाचला ना?"

"वाचला की."

"मंग?"

मन्मथ बसथांब्याकडं चालू लागला.

त्याचं राहू द्या. आता तुम्हीही पुरं वाचलंत, वाचक महाशय. टाकी अजून कललेलीच हाय. तुम्ही काय करणार, बोला!