हुरड्याची पारदर्शक नोंद

लपवलेली गोष्ट भानगड ठरते, नोंदवलेली गोष्ट कामकाज ठरते. हे ओळखूनच कळसजवळच्या हरितश्वास पेपर मिलने एक उघड नोंदवही सुरू केली. हवामान बिघडते म्हणून कोळशाचे बॉयलर बंद करणारा नियम येत होता. तो येऊ नये यासाठी मिल कोणाला भेटते, काय खाऊ घालते, हे सगळे त्या वहीत. (कव्हर हिरवे.) वही मिलचा कारकून गोकुळ याच्याकडे आली, कारण त्याचे अक्षर चांगले होते आणि खोटे लिहिताना त्याचा हात अडे.

गोकुळला आनंद झाला. मिलच्या चिमणीला लागूनच त्याची डाळिंबाची बाग होती. फळांवर काजळी बसे आणि व्यापारी बांधावरूनच माघारी जाई. त्याची आई चंद्राबाई एकेक डाळिंब ओल्या फडक्याने पुसत बसे. नियम झाला तरच बाग वाचणार होती. खरे लिहिले की कोणाचे तरी डोळे उघडतील, असे गोकुळला वाटले. सज्जन माणसाला असे काहीबाही वाटत असते.

त्याने लिहिले: 'नियम करणाऱ्या साहेबांना हुरडा पार्ट्या, अकरा. नियमाला मुदतवाढी, अकरा. शेंगदाण्याची चटणी, दर वेळी.'

वही वाचून नियमाचा निर्णय घेणारी सरकारी देखरेख समिती हादरली. हुरडा खाल्ल्याने मत बदलते, याला शास्त्रीय आधार काय? अध्यक्ष आबासाहेबांनी प्रत्यक्ष प्रयोगाचे आदेश दिले. जागा तटस्थ हवी, म्हणून चंद्राबाईंचे शेत ठरले.

"येऊ दे की," चंद्राबाई म्हणाल्या. "खाताना मान वर केली तर चिमणी दिसंल."

समितीने तीन तास कसून प्रयोग केला. (दही दोनदा मागवावे लागले.) शेवटी चंद्राबाईंनी आबासाहेबांच्या हातात डाळिंब दिले. बोटे काळी झाली. त्यांनी चिमणीकडे पाहिले, मग खाली कणसांजवळच्या धुराकडे पाहिले.

"आजी, हा धूर कसला?"

"हुरडा भाजायची आगटी हाय ती, साहेब."

"लिहून घ्या!" आबासाहेब म्हणाले.

अहवाल आला. समितीचे मत खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर एकच होते, सबब हुरड्याचा प्रभाव शून्य. पारदर्शकतेस शंभरपैकी शहाण्णव गुण (चटणीचे वजन न लिहिल्याबद्दल चार कापले). नियमाला बारावी मुदतवाढ. काजळीचे उगमस्थान: चंद्राबाईंची आगटी. त्यांना नोटीस.

ती नोंदही गोकुळनेच केली, त्याच सुंदर अक्षरात. त्याला रडू येत होते.

"आई, अहवाल समद्यांना खुला हाय," तो म्हणाला. "तीस दिवस हायत. लोक वाचतील, हरकत घेतील."

"व्हय बाबा," म्हणून चंद्राबाईंनी फडके पिळले.

लोकांनी खरेच वाचला. तुमच्यासारख्याच चार हजार जाणकारांनी वाचला, पोट धरून हसले आणि ओळखीच्यांना पाठवला. तिसाव्या दिवशी गोकुळने शेवटची ओळ लिहिली.

'हरकती: एकही नाही.'