साहेबांचा बॉल आतच!

मातीच्या कोर्टावर हरण्याइतकं सोपं काम जगात नाही, असं तपासनीसाने शनिवारी बायकोला ठासून सांगितलं. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक सुटा भाग पास की नापास, हे ठरवणारा हा माणूस. त्याच्या विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्याला टेनिसला बोलावलं होतं!

"मातीचे फायदे ऐक! बॉल हळू येतो, गुडघे शाबूत राहतात. आणि आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. साहेबांचा प्रत्येक बॉल आत! साहेब खूश, खुर्ची आपली!"

"आणि तोटे?"

"मोजे लाल होतात. ते तू धुशील."



रविवारी साहेबांचा पहिलाच बॉल धाडकन रेषेबाहेर पडला. "आत! काय मारलात, साहेब!" तपासनीस ओरडला. साहेब थबकले. जाळीला वळसा घालून आले आणि वाकले. लाल मातीत बॉलचा ठसा स्वच्छ उमटला होता, रेषेपासून चांगला वीतभर लांब!

माती ठसा ठेवते, हा तोटा तपासनीसाच्या ध्यानीमनीही नव्हता!

"हा आत?"

"मला... तसं वाटलं, साहेब."

"पॉइंट तुमचा."

पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही! हरायला आलेला माणूस धडाधड जिंकत सुटला. शेवटी त्याने साहेब पोचायच्या आत ठसा बुटाने पुसायचं ठरवलं. घाईत पाय सरकला आणि स्वारी दाणकन खाली बसली. ठसा जागच्या जागी, पँट मागून लालभडक!

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "वीतभर अंतर दिसत नाही तुम्हाला? आणि केसाएवढ्या फरकावर माझा माल पास करता?"

आता बोलायचं काय? खरं सांगावं तर लाळघोट्या, नाही सांगावं तर आंधळा!

"डोळे जरा अधू झालेत, साहेब," तो पुटपुटला.

साहेब मटकन बाकावर बसले. "अरे देवा! म्हणजे गोदामातला सगळा माल तुम्ही न बघताच... उद्यापासून एकेक भाग परत तपासायचा. तुम्हीच! चष्मा लावून! प्रमुखाचं मी दुसरं कुणीतरी बघतो."

संध्याकाळी तपासनीस साध्या काचांचा चष्मा लावून घरी आला. सगळं ऐकून बायको किंचाळलीच. "अहो, पण डोळे तर तुमचे धडधाकट आहेत!"

"हळू बोल! खाली साहेबांचा ड्रायव्हर राहतो!"

बायकोने आवाज खाली आणला. मोजे मात्र वर, त्याच्या नाकासमोर धरले.

"हे दिसतायत ना? मग धुवा!"