फ्रिजवरचे चार चेहरे

मंगळवारी सकाळी आजीचं लोहचुंबक फ्रिजवर रागाच्या चेहऱ्याशी चिकटलेलं दिसलं आणि आईच्या हातून दूध सांडलं.

चेहरे आईनेच काढले होते : आनंद, राग, दुःख, भीती. चार वर्षांची लेक महिनाभर बालवाडीत तोंडातून शब्द काढत नव्हती. बाई म्हणाल्या होत्या, "घरात सगळ्यांनी मनातलं सांगायची सवय लावा, म्हणजे तीही बोलेल." म्हणून रोज सकाळी प्रत्येकाने आपलं चुंबक आपल्या चेहऱ्यापाशी लावायचं ठरलं. बाबांची गाडी, आजीचा चष्मा, आईचं फूल, लेकीचं बदक. आई आपलं फूल न चुकता आनंदाजवळ लावी. मुलीसमोर तेवढं तरी नीट दिसायला हवं. बदक मात्र आठवडाभर फ्रिजच्या कडेलाच होतं. "झोपलंय ते," एवढंच लेक सांगे.

"तुझ्या आई रागावल्यात," आई नवऱ्याला हळूच म्हणाली. "काल काय बोललास त्यांना?"

"दोनच वाक्यं. त्यातलं एक मॅचबद्दल होतं."

"आणि रिमोट कोणी काढून घेतला हातातून?"

नवऱ्याने मुकाट्याने रिमोट आजीच्या मांडीवर नेऊन ठेवला, पाठीला उशी दिली. आईने न मागता दुसऱ्यांदा चहा केला. तेवढ्यानेही राहवेना, तेव्हा नवरा म्हणाला, "पाय चेपू का जरा?"

आजीने कप खाली ठेवला. परवाच तिने तपासणीसाठी रक्त दिलं होतं.

"रिपोर्ट आला का रे माझा?"

"नाही अजून."

"खोटं बोलू नकोस. तू पाय चेपायला निघालास, म्हणजे काहीतरी मोठंच निघालंय."

तिने तडक आत्याला, म्हणजे आपल्या मुलीला, फोन लावला. अर्ध्या तासात आत्या फळांची पिशवी आणि ओले डोळे घेऊन दारात हजर.

"वहिनी, मला एका शब्दाने कळवलं नाहीत तुम्ही?"

"अहो ताई, कळवायचं काय? आई रागावल्यात, एवढंच."

"मी कुठे रागावले?" आजी म्हणाली. "चांगला दाबून लावला होता मी चष्मा, आनंदाजवळ."

सगळे फ्रिजसमोर जमले. दप्तर पाठीला लावून उभी असलेली लेक म्हणाली, "मी सरकवला."

"का गं?"

"सगळे आनंदाकडेच जातात. रागाजवळ कोणीच नव्हतं. तो एकटा होता."

महिन्याभरात एका दमात ती एवढं बोलली नव्हती. आत्याने पिशवी अलगद खाली ठेवली. आई गुडघ्यांवर बसली.

"आणि तुझं बदक? ते कुठे लावायचं?"

लेकीने बदक उचललं, भीतीजवळ लावलं. मग टाचा उंचावून आईचं फूल काढलं आणि बदकाला खेटून चिकटवलं.

"अगं, माझं फूल वर..."

"शाळेच्या गेटपाशी तू माझा हात दुखेपर्यंत धरतेस," लेक म्हणाली. "मला कळतं."

फूल परत वर न्यायला निघालेला आईचा हात मध्येच थांबला. मग तो लेकीच्या डोक्यावर गेला.

मागून आजी पुढे आली. तिने आपला चष्मा उचकटला.

"सरका गं दोघी जरा," ती म्हणाली. "रिपोर्ट येईपर्यंत मलाही तिथेच जागा लागेल."