सात नंबरची सीट

आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या पावतीवर सही नसते, भोक असतं.

सेक्रेटरी बबनअण्णा पावती फाडतात, खिशातून तिकिटाचा पंच काढतात, कोपऱ्यात टक्कन भोक पाडतात आणि म्हणतात, "चला, पुढं सरका." पुढे भिंत असली तरी सरकावं लागतं. अण्णा एसटीत कंडक्टर होते. जुन्नर-ओतूर, जुन्नर-घोडेगाव या रस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी उभ्याने झाली. निवृत्त होताना पंच जमा करावा लागला, तर दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या बाजारात जाऊन भंगारवाल्याकडून तसलाच एक घेऊन आले. सकाळी पाण्याची मोटर सुरू केली की जिन्याच्या कठड्यावर पंच वाजवत वरपर्यंत जातात. बारा फ्लॅटची बिल्डिंग त्या आवाजाने उठते.

मी या सोसायटीचा अध्यक्ष. शाळेत हेडक्लार्क असल्यामुळे माझी सही झोकदार आहे, एवढीच माझी पात्रता. बाकी सगळा कारभार अण्णांचा. फ्लॅटला ते सीट म्हणतात. मी सहा नंबरची सीट. माझ्या शेजारी सात नंबरला संतोष मंडपवाला आणि त्याची बायको मंगल.

अण्णांचं आणि संतोषचं रोज वाजायचं. कारण संतोषचे मंडपाचे बांबू पार्किंगमध्ये पडलेले असायचे. "ह्यो लगेज कुनाचा? लगेजचं तिकीट काडलंय का?" असं अण्णा खालून ओरडले की संतोष गॅलरीतून हात जोडायचा. पण ओरडून अण्णा वर येईपर्यंत मंगलने त्यांच्या दाराशी स्टीलचा डबा ठेवलेला असायचा. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, मुलगा चिंचवडला असतो. डबा उचलताना अण्णा बांबूचा विषय तेवढ्यापुरता बंद करायचे.

मग संतोषचा धंदा बसला. नवं सामान घ्यायला त्याने फ्लॅट बँकेकडे गहाण टाकला होता. ओळीने दोन वर्षं नुकसान आलं आणि हप्ते थकले. एक दिवस दोघं नवरा-बायको तिच्या माहेरी, घोडेगावकडे निघून गेले. गणपतीच्या तोंडावर बँकेने त्यांच्या बंद दारावर ताबा नोटीस चिकटवली. लिलावात दुसऱ्या कोणी फ्लॅट घेतला की संतोषचं घर गेलं, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या नोटिशीखाली दुसरा कागद लागला होता. अण्णांच्या ठसठशीत अक्षरात: 'या सीटवर सोसायटीचा हक्क आहे. मेंटेनन्सचा हिशोब पुरा झाल्याशिवाय लिलाव करू नये. मागील दाराने चढू नये.' खाली सोसायटीचा शिक्का आणि एक भोक.

चार दिवसांत बँकेचे वसुली अधिकारी पाटणकर साहेब आले. तरुण माणूस, अतिशय सभ्य. ते म्हणाले, "अण्णा, आमचं गहाणखत रजिस्टर झालेलं आहे. पहिला हक्क बँकेचा."

"साहेब, कदी यष्टीनं गेलाय का?"

"लहानपणी."

"मग सांगा. गाडी फलाटाला लागल्यावर तुमी खिडकीतनं रुमाल टाकला. लई चांगलं केलं. पन जो मानूस डेपोतनंच गाडीत बसून आलाय, त्याला तुमी रुमाल दावून उटवनार व्हय? सोसायटी डेपोतनं बसून आलीय. तुमचा रुमाल घ्या आन् उबं ऱ्हावा."

पाटणकरांनी कायद्याचं पुस्तक काढलं. अण्णांनीही कायद्याचं पुस्तक काढलं. कुठून मिळवलं होतं कोण जाणे, त्यात त्यांनी ठिकठिकाणी जुनी तिकिटं खुणेला घातली होती. सोसायटीच्या थकबाकीचा बोजा मिळकतीवर असतो, हे त्या पुस्तकात खरंच लिहिलेलं होतं. तो बँकेच्या आधी की नंतर यावर दोघांची दुपार गेली. शेवटी पाटणकर घाम पुसत म्हणाले, "बरं, थकबाकी किती आहे ते सांगा. लिलावाच्या जाहिरातीत तो आकडा टाकावा लागतो."

"हक्क आदी, आकडा मागनं," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे आदी लिवून द्या का पैला हक्क सोसायटीचा. मग आकडा देतो."

असं लिहून द्यायचं तर वरून मत मागवावं लागणार होतं. पाटणकर म्हणाले, पुण्याला विचारतो. पुण्याहून मत यायला महिना गेला. त्यावर अण्णांनी पाच पानी उत्तर दिलं, सही माझी. मला त्यातला शब्द कळला नव्हता, पण सही उत्तम आली होती. पुन्हा मत मागवलं गेलं. पुढेपुढे पाटणकरांना अण्णांच्या चहाची सवय लागली. घसा बसला होता तेव्हा त्यांनी आल्याचा चहा मागून घेतला आणि मग भांडायला सुरुवात केली.

मधेच नारायणगावचं एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. अण्णांनी पंच वाजवत त्यांना सगळी बिल्डिंग फिरवून दाखवली. "पानी लई. येडगावचं धरन हाकेवर हाय. हवा झ्याक. बसायला काय हरकत न्हाई, पावणं. फकस्त सीट वादातली हाय. मधीच कुटं उतरवलं तर तक्रारवही माझ्याकडंच ऱ्हाती." पाहुणे चहा न घेता गेले.

खरं सांगतो, मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. चार पैशांच्या मेंटेनन्ससाठी हा म्हातारा एवढा चिवटपणा करतो, त्या संतोषच्या पडत्या काळातही त्याला आपलीच वसुली दिसते, असं मी दोन-तीन ठिकाणी बोललोही. त्यातच अण्णांनी नवीन खूळ काढलं. रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन विचारायचे, "अध्यक्ष, तुमच्या कॅलेंडरात बगा बरं, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त किती हायत? दाट हायत का इरळ?" वयाच्या सत्तरीत हे प्रश्न! बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. मी स्वतः अण्णांना आडून सुचवून पाहिलं की या वयात सोबत असणं वाईट नाही. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की विनातिकीट सापडल्यासारखा मी दार लावून घेतलं.

त्यांच्या खिडकीत मंगलचा डबा तसाच होता. लख्ख घासलेला. जाताना तो अण्णांकडेच राहून गेला होता. मी एकदा म्हटलं, "माझा घोडेगावला फेरा आहे, डबा देऊन येऊ का?"

"रिकामा?" अण्णा दचकून म्हणाले. "रिकामा डबा कुनी परत देतं का? आन् भरायचा म्हनला तर काय भरू? मला निस्ता च्या येतो."

लगीनसराई सुरू झाली आणि एका संकष्टीला पाटणकर आले. त्या दिवशी त्यांनी चहाही मागितला नाही. "साहेब, आता वरून सक्त सूचना आहे," ते मला म्हणाले. "पहिला हक्क कोणाचा हे नंतर ठरेल. सोसायटीचा आकडा आज द्या, नाहीतर येणं काहीच नाही असं धरून आम्ही उद्या जाहिरात देतो."

अण्णा दर संकष्टीला ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला जातात. त्यामुळे सही करण्याखेरीज काही करायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली. मी रुबाबात म्हटलं, "बसा. मी आत्ता काढून देतो." ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. कपाटाची किल्ली दारामागे असते. मी पावतीपुस्तकं काढली आणि स्थळप्रती, म्हणजे पावतीचा जो भाग पुस्तकात राहतो तो, चाळायला लागलो.

सात नंबरची थकबाकी सापडेना. कारण ती नव्हतीच. संतोष गेल्यापासून दर महिन्याच्या पाच तारखेला सात नंबरची पावती फाडलेली होती. नाव: संतोष. रक्कम पूर्ण. कोपऱ्यात भोक. आणि 'हस्ते' या रकान्यात, पैसे कोणी आणून दिले ते लिहायचं असतं तिथे, अण्णांच्या ठसठशीत अक्षरात: 'बबन'.

एसटीच्या कंडक्टरची पेन्शन ती केवढी. मी पुस्तक हातात धरून उभा राहिलो. पाच-पाच पानी उत्तरं, तो रुमाल, तो डेपो, ते मुहूर्त. मंडपवाल्याचे पैसे लगीनसराईत येतात, हे मला इतके महिने सुचलं नव्हतं. ज्या थकबाकीसाठी हा माणूस बँकेशी भांडत होता, ती त्याने स्वतः भरून टाकली होती. नोटीसबोर्डावर थकबाकीदार म्हणून संतोषचं नाव लागू नये म्हणून भरली होती, आणि घर हातचं जाऊ नये म्हणून भांडत होता. मी त्याच्याबद्दल काय काय बोललो होतो ते आठवलं आणि मला माझी शरम वाटली.

"मिळाला का आकडा?" बाहेरून पाटणकरांनी विचारलं. त्यांनी पेन काढून ठेवलं होतं.

मी पुस्तक कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली आणि बाहेर आलो. आयुष्यभर मी साहेबांना हो म्हणत आलोय.

"साहेब," मी म्हटलं, "हक्क आधी, आकडा मागनं."

पाटणकरांनी पेनाला टोपण लावलं. "अध्यक्षांचाही लेखी आक्षेप आहे असं धरू का? म्हणजे मला पुन्हा पुण्याला विचारावं लागेल."

"धरा. सही करतो."

त्या सहीइतकी चांगली सही मी अजून केलेली नाही.

त्यानंतर दीड महिन्याने संतोषने थकलेले सगळे हप्ते भरले. त्या हंगामात मंचरपासून ओतूरपर्यंत त्याचे मंडप लागले होते. पाटणकर स्वतः येऊन नोटीस काढून गेले आणि जाताना अण्णांना म्हणाले, "मग आता थकबाकीचा आकडा तरी कळू द्या." अण्णा म्हणाले, "आता सीट रिकामी न्हाई. च्या घ्या."

संतोषचा टेम्पो आला तेव्हा अर्ध्या टेम्पोत संसार होता आणि अर्ध्यात बांबू. "लगेज पार्किंगमदी न्हाई उतरायचा!" अण्णा खालूनच गरजले. मग वर गेले आणि डबा घेऊन आले. मंगलने झाकण उघडलं. आत सात नंबरच्या सगळ्या पावत्या होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीला भोक.

"रिकामा देत न्हाईत म्हनून..." अण्णा पुटपुटले.

मंगलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. संतोष म्हणाला, "अण्णा, ह्ये किती झालं त्ये सांगा तरी."

"हक्क आदी, आकडा मागनं," अण्णा म्हणाले. "चला, पुढं सरका. वाट आडवू नका."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो तर अण्णांचं दार उघडं होतं. समोर तोच डबा, आत मासवडी, रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. "अध्यक्ष, या! दोगांना पुरंल," त्यांनी हाक मारली. पंच बाजूला ठेवून त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"च्या आन् पाव खाऊन जीब मेली व्हती राव," ते म्हणाले.

त्यांच्या आणि माझ्या दारात चार पावलांचं अंतर आहे. इतके महिने अण्णा काय जेवतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो.